गाडी वळवली का चाक काऊन घासते?



या पानावरचे प्रश्न मी बहुतेक वेळा तुमच्या पत्रांतून निवडते. आजचा प्रश्न मात्र पत्रातून आलेला नाही. तो आमच्याच शाळेत आला. बुलडाणा जिल्ह्यातली आमची छोटीशी शाळा, चौथीचा वर्ग. फळ्यावर मी वर्तुळ काढलं होतं आणि त्रिज्या, व्यास समजावून देत होते. "व्यास मोजता येईल अशा वस्तू सांगा बरं," असं म्हटल्यावर भाकरी, ताट, बांगडी, विहीर अशी उत्तरं धडाधड यायला लागली. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला.

"मॅडम, चाक! पण आमच्या मामानं गाडीले मोठे चाकं बसवले ना, तवापासून गाडी वयवली का चाक घासते. काऊन घासत असंन?"

वर्ग खो खो हसला. (आमच्या वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, 'वयवली' म्हणजे वळवली आणि 'काऊन' म्हणजे का. 'ळ'चा 'य' करण्यात आमच्याकडची माणसं पटाईत!) मी त्याला म्हटलं, "हसू दे त्यांना. तू नीट सगळं सांग."

मग त्यानं सांगितलं ते असं. मामाची लहान कार. तिची साधी लोखंडी चाकं काढून मामानं चकचकीत अलॉयची चाकं आणि त्यांवर चांगले रुंद टायर बसवले. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. गावात जो तो वळून बघायचा. पण चौघं-पाचजण गाडीत बसले आणि रस्त्यात खड्डा आला, की मागून 'खर्र' असा आवाज यायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढूनही यायचा. हा मुलगा बसायचा नेमका मागच्या चाकाच्या बाजूला, त्यामुळे आवाज पहिल्यांदा त्यालाच ऐकू आला. मामाला सांगितलं, तर मामा म्हणाला, "नवीन टायर आहेत रे. थोडे झिजले की आपोआप आवाज बंद होईल." आणि येत्या रविवारी आजीसकट सगळं घर त्याच गाडीनं शेगावला दर्शनाला निघणार होतं. बुलडाण्याहून खामगावकडे उतरायचं म्हणजे मध्ये बोथा घाट. वळणंच वळणं.

मुलांनो, आता तुम्हीच सांगा, रबर पत्र्यावर घासलं तर आधी कोण झिजेल?

मी त्याला एक काम दिलं. "मामाचे जुने टायर कुठे आहेत?" "गोठ्यात पडले आहेत," तो म्हणाला. "मग जुन्या टायरवर आणि नव्या टायरवर काय काय लिहिलं आहे, ते वहीत जसंच्या तसं उतरवून आण." दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या वही घेऊन हजर. जुन्यावर होतं : १६५/८० आर १४, ८५ टी. नव्यावर होतं : २०५/६५ आर १५.

टायरवरचे हे आकडे म्हणजे टायरची जन्मपत्रिकाच असते, बरं का. ती वाचायला अगदी सोपी आहे. पहिला आकडा १६५, म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर. दुसरा आकडा ८०. हे मिलिमीटर नव्हेत, शेकडेवारी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या शेकडा ८० इतकी आहे, असा त्याचा अर्थ. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतले दोरे कोणत्या पद्धतीनं घातले आहेत ते सांगणारं अक्षर. आणि १४ म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, १४ इंच. गंमत बघा, एकाच टायरवर रुंदी मिलिमीटरात, भिंत शेकड्यात आणि रिम इंचात! असा त्रांगडा हिशोब कोणी सुरू केला, असं मुलांनी मला विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे दूध लिटरात, सोनं तोळ्यात आणि शेत एकरात मोजतातच की.

आता या चाकाची पूर्ण उंची काढू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १४ इंच म्हणजे ३५५.६. त्यात वरची एक भिंत आणि खालची एक भिंत मिळवायची, म्हणजे १३२ अधिक १३२. एकूण ६१९.६ मिलिमीटर. हा जुन्या चाकाचा व्यास.

नव्याचा काढा बरं. २०५ चे शेकडा ६५ म्हणजे १३३.२५. दोन भिंतींचे २६६.५. पंधरा इंचांचे ३८१. एकूण ६४७.५ मिलिमीटर. म्हणजे नवं चाक जुन्यापेक्षा जवळजवळ २८ मिलिमीटर उंच आणि ४० मिलिमीटर रुंद झालं. मामाला वाटलं होतं, रिम एकच इंच मोठी घेतली, एका इंचानं काय होतं?

एका इंचानं काय होतं ते समजायला चाकाच्या खोपीत डोकावलं पाहिजे. खोप म्हणजे मडगार्डच्या आतली चाकाची जागा. आपली बैलबंडी आठवा. तिची चाकं बंडीच्या बाहेर, मोकळ्या जागेत असतात. ती डावी-उजवीकडे वळत नाहीत, बैल वळले की सगळी बंडी वळते. ती वर-खालीही होत नाहीत, म्हणून तर बंडीत बसल्यावर हाडं खिळखिळी होतात. मोटारीचं तसं नाही. पुढची चाकं वळतात. चारही चाकं स्प्रिंगवर वर-खाली होतात. वजन भरलं की गाडीचं अंग खाली बसतं आणि चाक खोपीत वर सरकतं. म्हणजे उभ्या गाडीत चाकाभोवती दिसणारी मोकळी जागा वाया गेलेली नसते. झोपलेल्या लहान बाळाभोवती आपण जागा सोडतो ना, ते कूस बदलेल म्हणून? तशीच ती जागा. कंपनीच्या इंजिनिअरांनी वळण, खड्डा आणि ओझं यांचा हिशोब करून ती सोडलेली असते.

त्यात आणखी एक भानगड आहे. चाकाची रुंदी ४० मिलिमीटर वाढली, तर ती आत २० आणि बाहेर २० अशी सारखी वाढली असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तसं झालंच पाहिजे असं नाही. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि रिमची जी पाठ बोल्टनं गाडीला आवळली जाते ती पाठ, या दोहोंत काही अंतर असतं. त्याला गॅरेजवाले ऑफसेट म्हणतात. पुष्कळ रिमवर तो कोरलेला असतो, 'ईटी' ही अक्षरं आणि पुढे आकडा. (ही अक्षरं एका लांबलचक जर्मन शब्दातली आहेत.) समजा, जुन्या रिमवर ईटी ४५ होता आणि नव्यावर ईटी ३५. आकडा १० नं कमी झाला, की चाकाचा मध्य १० मिलिमीटर बाहेर सरकतो. आता हिशोब करा. बाहेरच्या बाजूला रुंदीचे २० आणि ऑफसेटचे १०, मिळून ३०. आतल्या बाजूला रुंदीचे २० वजा १०, म्हणजे १०. चाक तब्बल ३० मिलिमीटर बाहेर आलं! तुमच्या पट्टीवर तीन सेंटिमीटर मोजून बघा, म्हणजे कळेल. आकडा उलट वाढला असता, तर हेच चाक आत सरकून स्प्रिंगला किंवा शॉक अॅब्सॉर्बरला टेकलं असतं.

चाक घासतं ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे मडगार्डच्या पत्र्याची आत दुमडलेली कड. गाडी भरलेली असली आणि खड्डा आला, की टायरचा खांदा तिथे लागतो. ही कड सुरीसारखी असते. दुसरं, खोपीच्या आतलं काळं प्लास्टिकचं अस्तर. पूर्ण वळण घेताना पुढचं चाक त्याला घासतं. आवाज मोठा येतो, पण नुकसान त्या मानानं कमी. तिसरं ठिकाण आतलं, स्प्रिंगच्या बाजूचं. ते बाहेरून दिसत नाही म्हणून जास्त वाईट. पुढच्या चाकापाशी ब्रेकच्या तेलाची लवचीक रबरी नळी असते. टायर तिच्यावर घासत राहिला, तर काय होईल हे मी सांगायला नको.

मग आपल्या गाडीचं चाक नेमकं कुठे घासतं हे शोधायचं कसं? इथे आपला खडू कामाला येतो! फळ्यावरचा साधा पांढरा खडू. टायरच्या दोन्ही खांद्यांवर, आतून आणि बाहेरून, सगळीकडे खडूचा जाड पट्टा ओढायचा. मग नेहमीइतकी माणसं गाडीत बसवायची आणि मोठ्या माणसानं गाडी अगदी हळू चालवायची. एकदा पूर्ण डावीकडे वळवून, एकदा पूर्ण उजवीकडे, एकदा उंचवट्यावरून. गाडी थांबवून बघायचं, खडू कुठे पुसला गेला? जिथे पुसला तिथे चाक लागतं. यात एकही महागडं यंत्र नाही, आणि मोठमोठ्या गॅरेजातले मिस्त्रीही असंच काहीतरी करतात. मात्र एक अट आहे हं. हे काम घरातलं मोठं माणूस बरोबर असतानाच करायचं. खडू लावताना गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगडाची ओट लावलेली. गाडी चालू असताना कोणीही चाकाजवळ वाकायचं नाही, बोट तर खोपीत मुळीच घालायचं नाही.

आमच्या त्या मुलानं शनिवारी संध्याकाळी हा प्रयोग मामाला करायला लावला. मामा आधी कुरकुरला. "आता शाळेतली मॅडम मले गाडी शिकवते का?" म्हणाला म्हणे. पण भाचा हटून बसला आणि आजीनं भाच्याची बाजू घेतली, तेव्हा मामाचा नाइलाज झाला. पाचजण गाडीत बसले आणि गाडी गल्लीतून फिरून आली. पुढच्या चाकांवरचा खडू बाहेरच्या खांद्यावर थोडा पुसला होता. मागच्या डाव्या चाकावरचा मात्र बाहेरून साफ गेला होता. हा मुलगा तिथे खाली बसून टॉर्चनं बघायला लागला, तर टायरच्या भिंतीवर बोटभर लांब चीर होती आणि चिरेतून बारीक पांढरे दोरे दिसत होते.

हे दोरे दिसणं म्हणजे काय, ते समजून घ्या. टायर नुसत्या रबराचा नसतो. रबराच्या आत मजबूत दोऱ्यांचे थर असतात आणि हवेचा दाब खऱ्या अर्थानं ते दोरे पेलत असतात. रबर त्यांचं पांघरूण. जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, त्याखाली पोलादी तारांचे पट्टेही असतात. पण बाजूची भिंत पातळ ठेवावी लागते, कारण प्रत्येक फेऱ्यात ती दबते आणि पुन्हा सरळ होते. तिच्यावर दोरे उघडे पडले, काही तुटले, की उरलेल्यांवर ताण येतो. वेगात टायर तापतो, आतली हवा फुगते आणि अशी भिंत एका क्षणात फाटते. तळाला खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं. भिंत कापली गेली तर ती जोडून, ठिगळ लावून पुन्हा रस्त्यावर आणायची नसते. तो टायर बाद.

मामा काही बोलला नाही. रविवारी सगळे शेगावला गेले, पण एस.टी.नं. आजीला म्हणे खिडकीची जागा मिळाली.

आता उपायांकडे वळू. पालकहो, हा भाग तुम्हीही वाचा, कारण गाडीची किल्ली तुमच्या खिशात असते.

मामा एका जुन्या जाणत्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं आधी विचारलं, "आवाज कधी येतो? रिकाम्या गाडीत का भरलेल्या? वळताना का सरळ जाताना?" डॉक्टर विचारतात तसंच. भरलेल्या गाडीतच चाक घासत असेल, तर मागच्या स्प्रिंगा बसल्या आहेत का, शॉक अॅब्सॉर्बर गळतात का, हे आधी बघावं लागतं. गाडी जुनी असेल तर दोष चाकाचा नसून थकलेल्या स्प्रिंगेचाही असू शकतो. ते बदलले की काम झालं. फक्त पूर्ण वळणावर आणि फक्त प्लास्टिकला लागत असेल, तर कधी कधी अस्तराची एखादी क्लिप तुटून ते लोंबत असतं. दहा-वीस रुपयांची क्लिप लावली की आवाज गायब!

मडगार्डची कड लागत असेल, तर ती रोलरनं दाबून वर दुमडता येते. हे काम चांगल्या डेंटरचंच. रंग आधी गरम करून हळूहळू दाबावं लागतं, नाहीतर रंगाला तडे जातात, आत पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो. काहीजण हातोडीनं ठोकून कड वाकवतात. काही तर ग्राइंडरनं कापूनच टाकतात! कड कापली की पत्र्याचा जोर जातो आणि धारही तयार होते. ते काही खरं नव्हे.

स्पेसर म्हणून एक चकती मिळते, रिम आणि गाडी यांच्यामध्ये बसवायची. चाक आतून घासत असेल तर तिचा उपयोग, कारण ती चाकाला बाहेर ढकलते. बाहेरून घासणाऱ्या चाकाला स्पेसर लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं. आणि आतून घासत असलं तरी बोल्टचे पुरेसे आटे आत बसतात का, बेअरिंगवर ताण किती वाढतो, हे बघावं लागतंच. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी ठोकळे हल्ली सर्रास विकले जातात. त्यांनी गाडी थोडी उचलली जाते खरी, पण स्प्रिंगचं वागणं बदलतं. मला विचाराल तर हा उपाय म्हणजे डोकं दुखतंय म्हणून टोपी बदलणं. स्टिअरिंग कमी वळेल अशी अडसर घालणारेही आहेत. मग घासत नाही, पण गाडीही पुरती वळत नाही. आमच्या राजूर घाटात किंवा बोथ्याच्या एखाद्या आखूड वळणावर समोरून ट्रक आला, म्हणजे कमी वळणारी गाडी घेऊन काय करणार?

मिस्त्रीनं मामाला जो उपाय सांगितला, तो ऐकून मला फार आनंद झाला, कारण तो निव्वळ गणिताचा होता. अलॉयची रिम ६ इंच रुंद होती. तो म्हणाला, "रिम ठेवा. टायर बदला. २०५/६५ च्या जागी १८५/६५ आर १५ घ्या." मुलांनो, पेन्सिल घ्या. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५. दोन भिंतींचे २४०.५. अधिक ३८१. एकूण ६२१.५ मिलिमीटर! जुन्या चाकापेक्षा फक्त दोन मिलिमीटरच्या आसपास जास्त. रिम मोठी झाली तेवढी भिंत आखूड झाली, आणि चाकाची उंची जिथल्या तिथे राहिली. रुंदी जुन्यापेक्षा २० मिलिमीटरच जास्त. बाहेर किती आलं? १० अधिक ऑफसेटचे १०, म्हणजे २०. तीसवरून वीसवर आलो. आत किती? १० वजा १०, शून्य.

पण मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. टायरवरच्या शेवटच्या आकड्याकडेही त्यानं बोट दाखवलं. जुन्यावर ८५ टी होतं. ८५ म्हणजे ८५ किलो नव्हे हं, तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंत भार चालतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसतो. नव्या टायरवर ८८ एच होतं, म्हणजे ५६० किलो आणि ताशी २१० किलोमीटर. टायर बदलताना हे आकडे जुन्यापेक्षा कमी होता कामा नयेत. (वेग सोसतो याचा अर्थ तेवढ्या वेगानं न्यावी असा नाही, हे मामालोकांना आवर्जून वाचून दाखवा.)

नवे टायर चढले. पुन्हा पाच माणसं, पुन्हा खडू. मागचा खडू जसाच्या तसा. पुढे डाव्या बाजूला थोडासा पुसला होता. बघितलं तर तिथे अस्तराची क्लिपच नव्हती. ती बसवली आणि प्रकरण मिटलं. मामाला भुर्दंड मात्र चांगलाच पडला. कापला गेलेला टायर भंगारात गेला आणि उरलेले तीन कमी किमतीला द्यावे लागले.

आता कायद्याचं थोडं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीच्या कागदावर असलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. मग कोणत्या मापाचे टायर चालतात? ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं, आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठीही चिकटवलेली असते. एकाच गाडीच्या स्वस्त आणि महाग प्रकारांना कंपनी कधी कधी वेगवेगळ्या मापांची चाकं देते. ती मापं पुस्तकात असतील, तर प्रश्नच नाही. दुकानात जाण्याआधी ते पान उघडावं. आपल्या एमएच २८ च्या किती गाड्यांत ते पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल, कोण जाणे!

"पण मॅडम, रुंद टायर रस्ता जास्त धरतो ना?" असं एका मुलीनं विचारलं. प्रश्न चांगला आहे. समजा, गाडी माणसांसकट १००० किलोची आहे. एका चाकावर २५० किलो आले. टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचा दाब. २५० ला २.२५ नं भागा. आले साधारण १११ चौरस सेंटिमीटर. आपलं पोस्टकार्ड १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. म्हणजे एवढी थोरली गाडी पोस्टकार्डाहून थोड्या लहान अशा चार ठिकाणी जमिनीला टेकलेली असते! हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तर हा तुकडा फार मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. तो आडवा रुंद आणि उभा आखूड होतो. वळणावर त्याचा काही फायदा होतो, हे खरं. पण रस्त्यावर पाणी साचलेलं असलं, की रुंद टायर पाण्यावर तरंगायची भीती जास्त असते. आणि आपल्या काळ्या मातीचं काय? जुलैत शेतरस्त्यावर एकदा गाडी घाला. ती माती टायरला अशी लपेटते, की अरुंद चाकसुद्धा खोपीत फिरेनासं होतं.

शेतकऱ्यांना ही चाकाच्या रुंदीची विद्या फार आधीपासून माहीत आहे, बरं का. ट्रॅक्टर नीट बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची मधली तबकडी उलटी करून बसवता येते. तसं केलं की दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त होतं. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळी जेवढ्या अंतरावर, तेवढ्या अंतरावर चाकं. म्हणजे ऑफसेटच की तो! फरक एवढाच, की ट्रॅक्टरच्या चाकाभोवती जागा मोकळी असते आणि हा बदल कंपनीनंच ठरवून दिलेला असतो.

चाक बदलल्याचा आणखी एक परिणाम मामाच्या लक्षातही आला नव्हता. गाडीचा वेगमापक चाकांच्या फेऱ्यांवरून वेग दाखवतो. जुन्या चाकाचा घेर ६१९.६ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १९४५ मिलिमीटर. त्या २०५ वाल्या चाकाचा सुमारे २०३३. दर फेऱ्याला गाडी ८८ मिलिमीटर जास्त पुढे जाते आणि बिचाऱ्या काट्याला ते ठाऊक नसतं. एका किलोमीटरला जुनं चाक ५१४ फेरे घ्यायचं, नवं ४९२ घेतं.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. मेहकर, सिंदखेडराजा या बाजूंची मुलं तो रोज बघत असतील. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आता तुमच्यासाठी गणित. काटा जुन्या चाकाला अगदी बरोबर होता असं धरा. २०५/६५ आर १५ ची चाकं लावलेली गाडी समृद्धीवर चालली आहे आणि काटा १२० दाखवतो आहे. गाडीचा खरा वेग किती? आणि १८५/६५ आर १५ लावल्यावर किती?

दुसरं काम. घरातल्या, शेजारच्या किंवा शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही गाडीच्या टायरवरचे आकडे, मालकाला विचारून, वहीत उतरवा. गाडी बंद असताना. चाकाचा व्यास आधी आकड्यांवरून काढा, मग टेपनं उभा मोजा. मोजलेला व्यास थोडा कमी भरेल. तो कमी का भरतो, याचं उत्तर मला लिहून पाठवा.